कावसजीचे नाक आणि निनावी हात

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने कावसजी नावाच्या माणसाचे चित्र व वृत्त छापले. इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा हा मराठी माणूस १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडला. तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ त्याला नवे नाक मिळाले. ते करणारा वीट पाडणाऱ्या जातीतला होता, एवढीच नोंद आहे. रुग्णाला नाव आहे, पाहायला उभ्या असलेल्या इंग्रज डॉक्टरांना नावे आहेत. ज्याच्या हातांनी हे घडले त्याला मात्र फक्त जात आहे!

काम साधे नव्हते. नाकाच्या मापाचा मेणाचा पातळ पापुद्रा कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारायची. तेवढे कातडे सोडवायचे, पण भुवयांमधली पट्टी तोडायची नाही. रक्त तिच्यातूनच पोचते. कातडे पिळून खाली वळवायचे, खाचेत बसवायचे, वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापायची. या वृत्तान्ताच्या आधारे जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये लंडनला हीच शस्त्रक्रिया केली. कपाळाचे कातडे घेण्याची रीत आजही वापरात आहे.

या विद्येचा इतिहास सांगताना सुश्रुताचा गौरव होतो, कार्प्यूचाही होतो. मधला वीटवाला गळतो. ग्रंथ लिहिणारा तो ज्ञानी आणि हाताने करणारा तो कारागीर, ही विभागणी कोणी केली?

कागद मुका आहे तेथे सचित्र ऐतिहासिक कथा बोलू शकते. ‘भीमायन’मध्ये (२०११) दुर्गाबाई व सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांचे चरित्र आपल्या चित्रभाषेत उभे केले. तसेच या वीटवाल्याचे घर, मेण, कात, वस्तरा चितारता येईल. मुदखेडच्या शाळेत वीटभट्टीवरून येणारे पोर ती पाने उलटील, तेव्हा विज्ञान परक्या अंगणातले वाटणार नाही.

मात्र एक पथ्य पाळलेच पाहिजे. त्याला आपण दिलेले नाव कल्पित आहे, हे त्याच पानावर छापावे. ज्यांनी आपला इतिहास पुसला त्यांच्यासारखे खोटे आपण रचायचे नाही. नाव कल्पित असेल. हात खरे होते.