भीमथडीचें तट्टू आणि परदेशची फटफटी



परदेशांत एखादी वस्तु मनांत भरली, तिचे पैसे मोजले, ती जहाजावर चढविली आणि मुंबईच्या बंदरांत जकात भरून सोडवून घेतली, म्हणजे ती आपली झाली असें आपण समजतों. कायद्याच्या दृष्टीनें हें खरेंही आहे. परंतु इतिहास या बाबतींत कायद्यापेक्षां अधिक चिकित्सक आहे. तो विचारतो, "वस्तु तुमच्या मालकीची झाली हें कबूल; पण ती घरची झाली काय?" जुन्या, नामांकित मोटारसायकली परदेशांत शोधून इकडे आणण्याची हौस आज कांहीं मंडळींना आहे. त्या हौसेच्या निमित्तानें हा प्रश्न पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागांत, बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या परिसरांत, नेऊन पाहावा असा माझा विचार आहे. कारण परदेशचें वाहन घरचें करण्याचा धडा या मुलखानें एकदां घोड्याच्या बाबतींत आणि पुन्हां यंत्राच्या बाबतींत गिरविला आहे.

प्रथम घोड्याची गोष्ट सांगतों. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अफानासी निकितिन नांवाचा एक रशियन व्यापारी हिंदुस्थानांत आला. व्होल्गा नदीवरील त्वेर हें त्याचें गांव. होर्मूझच्या बंदरांतून एक घोडा घेऊन तो जहाजावर चढला आणि मस्कत, दीव, खंबायत करीत कोंकणांत चौल येथें उतरला. हा घोडा येथवर आणण्यास आपणांस शंभर रुबल पडले, असें तो स्वतःच लिहून ठेवतो. घाट चढून तो आपल्याच जिल्ह्यांतील जुन्नरास पोहोंचला, तों तेथील अधिकारी असदखान यानें घोडा काढून घेतला. धर्म बदलशील तर घोडा आणि वर हजार मोहरा; नाहीं तर घोडा गेलाच, आणि हजार मोहरांचा दंडही, असा पेंच त्यानें टाकला. मुदत चार दिवसांची. अखेर खुरासानांतील एका वजनदार गृहस्थानें रदबदली केली, तेव्हां घोडा सुटला. पुढें वर्षभर खाऊं घालून निकितिननें तो बिदर येथें विकला. परदेशांतून आणलेली फटफटी बंदरावर अडकून पडली म्हणून हळहळणाऱ्या आजच्या हौशी गृहस्थास ही पांचशें वर्षांपूर्वींची हकीकत ऐकून थोडा धीर येईल!

निकितिनचें एक वाक्य मात्र विनोदानें सोडून देण्यासारखें नाहीं. या देशांत घोडे निपजत नाहींत, असें तो म्हणतो. प्रवाशाची अतिशयोक्ति वजा केली तरी त्यांत तथ्य उरतें. बहामनी दरबारचे उंची घोडे अरबस्तान व इराण येथून चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, तें घेतल्यावर या घोड्यांच्या व्यापारावर त्यांनीं आपला हात घट्ट ठेवला. कारण दख्खनच्या प्रत्येक सत्तेस त्याची गरज होती. घोडा मेला कीं नवा घोडा विकत घ्यावयाचा, आणि तो बंदराच्या धन्याच्या मर्जीनें घ्यावयाचा, अशी ही परिस्थिति. पैसा होता, घोडे होते. घोडदौलत मात्र परस्वाधीन होती.

यानंतर दोन शतकांनीं काय दिसतें? भीमेच्या थडीस, म्हणजे कांठास, आजच्या दौंड-बारामतीच्या मुलखांत, भीमथडी नांवाची घोड्याची स्वतंत्र जात नांवारूपास आली होती. अरबी व तुर्की घोड्यांचें रक्त आणि येथील डोंगरी तट्टाची काटकता, या दोहोंच्या मिश्रणांतून सतराव्या-अठराव्या शतकांत ही जात घडली, असें मानतात. उंचीनें बेताची, थोड्या चाऱ्यावर राहणारी, आणि लांबच्या मजलेस न थकणारी अशी ही तट्टें मराठ्यांच्या स्वाऱ्यांबरोबर उत्तरेपर्यंत गेलीं. २०२३ सालीं महाराष्ट्राचें राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या गीतांत या भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आला आहे.

हें घडलें कसें? माझ्या मतें त्याचें एक मोठें कारण मराठी फौजेच्या रचनेंत आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा म्हणजे त्याची पुंजी. मोहीम आटोपली कीं तो घोडा गांवीं परत येई आणि त्याच्या अंगणांत बांधला जाई. त्यामुळें घोडी कशी निवडावी, शिंगरू कसें वाढवावें, नाल कसा ठोकावा, दुखणें कसें ओळखावें, हें ज्ञान राजाच्या पागेंत कोंडून न राहतां खेड्याखेड्यांत पसरलें. विकत आणलेला अरबी घोडा एका माणसाचा असतो. त्याची पैदास व निगा करणारें गांव तयार झालें म्हणजे तो मुलखाचा होतो.

आतां यंत्राकडे वळूं. नीरेच्या कालव्याचें पाणी बारामती-इंदापुराकडे आलें तेव्हांपासून या दुष्काळी पट्ट्यांत ऊंस उभा राहूं लागला. पुढें शेठ वालचंद हिराचंद यांनीं इंदापूर तालुक्यांत कळंबजवळच्या माळावर साखरेचा कारखाना उभारला, आणि त्याभोंवतीं वालचंदनगर वसलें. त्या काळीं साखरेच्या कारखान्यांचीं यंत्रें बहुधा परदेशांतूनच येत. यंत्र मोडलें म्हणजे सुटा भाग येईपर्यंत ऊंस वाळत पडण्याची भीति असे. म्हणून दुरुस्तीची शाळा कारखान्याच्या आवारांतच काढावी लागे. वालचंदनगरनें पुढें साखरेच्या कारखान्यांचीं यंत्रें स्वतःच घडविलीं, आणि भारताच्या अवकाशयानांस लागणारीं मोटरचीं कवचेंही तेथें तयार झालीं. ज्या तालुक्यानें परक्या यंत्रास ऊंस घातला, त्यानेंच अग्निबाणाचें अंग घडवावें, हा प्रवास लहान नव्हे.

दुचाकीची कथाही याच वळणानें जाते. इंग्रजी अमदानींत बीएसए, नॉर्टन, ट्रायंफ, मॅचलेस या मोटारसायकली विलायतेहून पेट्यांतून येत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें मोडींत काढलेल्या गाड्याही बाजारांत आल्या. १९४७ नंतर परकीय चलनाची टंचाई व आयातीचे परवाने यांमुळें हा ओघ आटत गेला. आणि वाहन बाहेरून आणण्याऐवजीं वाहनाची विद्याच बाहेरून आणावी, असें धोरण पडलें. १९५५ पासून मद्रासेस एन्फील्डची बुलेट जुळूं लागली. १९६१ च्या सुमारास म्हैसूरास झेकोस्लोव्हाकियाची जावा आणि उत्तरेंत पोलंडच्या नमुन्यावरची राजदूत निघूं लागली. इंग्लंडांतील मूळ एन्फील्ड कंपनीचा कारभार १९७० च्या सुमारास आटोपला. मद्रासची बुलेट मात्र चालूच राहिली आणि १९७७ पासून इंग्लंडांतही विकली जाऊं लागली. शिष्यानें गुरूच्या घरीं गुरूचीच विद्या पोहोंचवावी, तसें हें झालें.

पुण्याशीं निगडित गोष्ट वेस्पाची. युद्धांत इटलींतील पोंतेदेरा येथील पियाज्जोचा विमानांचा कारखाना बाँबहल्ल्यांनीं उद्ध्वस्त झाला. विमानें बनविण्याचा धंदा बुडाला, तेव्हां कोर्रादिनो दास्कानियो या विमानविद्येंतील इंजिनियरानें १९४६ सालीं एक स्वस्त दुचाकी काढली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. दोनच वर्षांनीं, १९४८ सालीं, बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही बजाजांची पेढी परदेशची दुचाकी-तिचाकी वाहनें येथें आणून विकूं लागली. १९५९ सालीं तिला उत्पादनाचा परवाना मिळाला, आणि पुण्याजवळ आकुर्डीस इटालियन परवान्याखालीं वेस्पा तयार होऊं लागली. मागणी अशी कीं लोकांस वर्षानुवर्षें नंबराची वाट पाहावी लागे. परकीय चलन भरणाऱ्यास मात्र गाडी लवकर मिळे, म्हणून परदेशांतील आप्ताकडून पैसे मागविण्याचीही वहिवाट होती. १९७१ सालीं करार संपला. तोंपर्यंत येथील कारागिरांचे हात त्या यंत्रावर बसले होते. त्याच अंगलटीची स्वतःची स्कूटर बजाजांनीं १९७२ सालीं काढली, आणि तिला नांव दिलें राणा प्रतापाच्या घोड्याचें: चेतक! परदेशचें वाहन घरचें झालें याची खूण म्हणून घोड्याचेंच नांव आठवावें, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

याच सुमारास मिलान येथील इन्नोचेंती कंपनीची लॅंब्रेटा बंद पडली, आणि तिची सारी यंत्रसामग्री भारत सरकारनें विकत घेऊन लखनौस आणली. जुनी गाडीच नव्हे, तर आख्खा कारखानाच परदेशांत विकत घेऊन घरीं आणण्याचें हें विरळा उदाहरण. विजय सुपर, विक्रम हीं नांवें पुष्कळांस आठवत असतील. परंतु पुढें हा उद्योग तोट्यांत रुतला, आणि २०२१ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें तो बंद करण्यास मंजुरी दिली. त्याचीं कारणें अनेक असतील. पण विकत घेतलेलें यंत्र नुसतें चालवीत राहिल्यानें तें टिकत नाहीं, त्यांत स्वतःची भर घालावी लागते, एवढा बोध त्यांतून खास निघतो.

वेस्पाची कंपनी मात्र भारतांत पुन्हां आली, आणि तिनें जागा निवडली ती बारामती. तेथें प्रथम तिच्या तिचाकी आपे गाड्या निघाल्या. २०१२ पासून वेस्पा स्कूटर निघूं लागली. पुढें अप्रिलिया या इटालियन कुळांतील ४५७ सी.सी. ची दोन नळकांड्यांची मोटारसायकल बारामतीसच घडूं लागली. २०२३ सालीं ती भारतांत विक्रीस मांडली गेली, आणि परदेशांतही रवाना होते. कल्पना तिकडची, कारखाना तिकडच्या मालकीचा; पण हात भीमथडीचे. चौलच्या बंदरांत उतरणारा माल एकेकाळीं घाट चढून वर येई. आतां माल घाट उतरून बंदराकडे जातो. तथापि एवढ्यानें समाधान मानूं नये. हात आपले झाले, तशी कल्पनाही आपली व्हावयास पाहिजे. तें भीमथडीच्या घोड्यांत झालें होतें.

आतां आरंभींच्या हौशी गृहस्थाकडे परत येतों. परदेशांतील जुनें वाहन आणणें आजही सोपें नाहीं. वापरलेल्या वाहनांच्या आयातीवर आपल्याकडे कडक निर्बंध आहेत. जुन्या दुर्मिळ वाहनांकरितां सवलतीचें जें दार होतें, तेंही बराच काळ १ जानेवारी १९५० पूर्वीं बनलेल्या गाड्यांपुरतेंच उघडें होतें. २०२१ सालच्या नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांस वारसावाहन म्हणून वेगळें स्थान दिलें. त्यांच्या क्रमांकांत व्हीए हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षें टिकते, आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये पडतात. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, जुन्या वाहनांची फेरी, इंधन भरणें वा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणावयाची, व्यापारासाठीं नव्हे.

हे नियम अवश्य पाळावे. पण त्यांतून गाडी सुटल्यावर खरा प्रश्न पुढें उभा राहतो. तिचा कार्ब्युरेटर साफ कोण करणार? मॅग्नेटोची ठिणगी कोण जुळविणार? जो झिजलेला भाग जगांत कोठें मिळत नाहीं, तो लेथवर कातून कोण देणार? हें ज्ञान ग्रंथांत थोडें आणि जुन्या मिस्त्रींच्या बोटांत फार आहे. तालुक्याच्या गांवीं दुधाच्या किटल्या लादलेल्या राजदूत ज्यांनीं नुसत्या कानानें ऐकून दुरुस्त केल्या, ती पिढी आतां थकत चालली आहे. त्यांच्याबरोबर ही विद्या गेली, तर लाखों रुपये भरून आणलेली मोटारसायकल दिवाणखान्यांतील शोभेची वस्तु होऊन बसेल.

भीमथडीच्या घोड्यावर असाच प्रसंग येऊन गेला आहे. १८१८ नंतर मराठी फौजा मोडल्या, शिलेदाराची चाकरी गेली, आणि त्या घोड्याचा आश्रय सुटला. तो तगला तो राजवाड्यांत नव्हे, तर धनगरांच्या वाड्यावर. मेंढरांमागें गांवोगांव फिरतांना बिऱ्हाड वाहून नेण्यास त्यांना हें तट्टू लागे, म्हणून त्यांनीं तें जतन केलें. अलीकडे देशी जातींच्या राष्ट्रीय नोंदींत त्यास स्वतंत्र स्थान मिळालें, तें या निरक्षर समजल्या गेलेल्या पशुपालकांच्या पुण्याईनें.

तात्पर्य, परदेशांतून आवडती गाडी जरूर आणावी. हौसेला मोल नसतें. परंतु ती आणण्यापूर्वीं आपल्या गांवच्या जुन्या मिस्त्रीच्या दुकानांत जाऊन बसावें, त्याच्या हाताखालीं एखादा होतकरू मुलगा ठेवावा, आणि त्याला जें येतें तें लिहून घ्यावें. निकितिनचा घोडा बिदरास विकला गेला आणि संपला. भीमथडीचें तट्टू अजून चालत आहे.