डोळ्यातले द्राक्ष

देठ खुडलेल्या काळ्या द्राक्षाला वर भोक उरते, भोवती गर्द साल. ग्रीक वैद्यांना बाहुली आणि डोळ्याचा मधला थर तसाच दिसला. लॅटिनमध्ये द्राक्ष म्हणजे ‘उव्हा’. त्यावरून त्या थराला ‘युव्हिआ’ आणि त्याच्या दाहाला ‘युव्हायटिस’ नाव पडले. तासगावची द्राक्षे पिकवणाऱ्या सांगलीला तरी हा शब्द परका वाटू नये. डोळे येण्याला असलेला संस्कृत शब्द ‘अभिष्यंद’ मात्र ‘स्यंद्’ म्हणजे पाझरणे या धातूतून आला. त्यात डोळ्याचे गळणे पकडले आहे. साताऱ्यात काय, सांगलीत काय, डोळा लाल झाला की ‘डोळे आले’ म्हणतात, आणि माझी तक्रार इथेच आहे: दोन वेगळ्या आजारांना एकच नाव. साथीत येणारे डोळे चिकटतात, गळतात आणि बहुधा आपोआप बरे होतात. युव्हायटिसमध्ये चिपडे नसतात. बहुधा आत ठणकते, उजेड सोसवत नाही, अंधुक दिसते.

कोणी म्हणेल, रुग्णाला लॅटिन कशाला? थेंब तर दुकानात मिळतातच. अडचण त्या थेंबांचीच आहे. स्टिरॉइडने हा दाह शमतो, पण लाली हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या व्रणाची असेल तर तोच थेंब बुबुळ पोखरायला मदत करतो. म्हणून आधी स्लिट लॅम्प या डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. मग स्टिरॉइड आणि सोबत बाहुली रुंदावणारे औषध, नाहीतर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते. दाह पुन्हापुन्हा उलटला, तर मूळ शोधायला क्षयाची चाचणी करतात, मणक्याच्या संधिवाताच्या शंकेने सकाळी कंबर आखडते का तेही विचारतात. हट्टी आजारात मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅडालिमुमॅब देतात. स्टिरॉइड लांबले तर डोळ्यातला दाब मोजत राहावा लागतो.