उमेदवार आणि बेकार : मुंबई इलाख्यातील सरकारी नोकरीच्या अर्जाचा इतिहास

वतनाला अर्ज लागत नसे. कुलकर्ण्याचा मुलगा बापाच्या पश्चात गावचे दफ्तर हाती घेई. वाद उपस्थित झालाच तर तो भाऊबंदांत होई, आणि त्याचा निवाडा गोताने किंवा दिवाणाने करावयाचा असे. दरबारी चाकरीचे स्वरूप याहून निराळे असले, तरी तीतही घराणे, ओळख आणि कोणा थोराचा शब्द यांवरच भिस्त असे. ज्याला कोणी ओळखत नाही अशा माणसाने आपले वय, शिक्षण व अनुभव कागदावर मांडावे आणि त्या कागदाच्या बळावर रिकाम्या जागेची अपेक्षा करावी, ही कल्पना मुंबई इलाख्यात १८१८ नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत सावकाश रुजली. ती पुरती रुजते न रुजते तोच अर्जदारांची संख्या जागांच्या कितीतरी पलीकडे गेली. परिणामी नोकरी शोधणाऱ्याचे स्थानच पालटले. पूर्वी तो कचेरीच्या आत बसून वाट पाहत असे. पुढे तो कचेरीच्या दाराबाहेर उभा राहिला. मराठीने या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द दिले आहेत. पहिल्या अवस्थेतला तो उमेदवार, दुसऱ्या अवस्थेतला तो बेकार.

‘उमेदवार’ हा शब्द फारसी. ‘उमेद’ म्हणजे आशा. आशा धरून राहिलेला तो उमेदवार. मोल्सवर्थच्या कोशात तो फारसी म्हणूनच नोंदलेला आहे. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांत मात्र या शब्दाला एक नेमका व्यावहारिक अर्थ होता. मामलेदाराच्या किंवा कलेक्टराच्या कचेरीत जुन्या कारकुनाशेजारी बसून नकला करणारा, मोडी कागद लावणारा, जमाखर्चाची आकडेमोड करणारा, आणि या कामाबद्दल पगार न घेणारा तरुण म्हणजे उमेदवार. एखादा कारकून रजेवर गेला तर त्याच्या जागी काही दिवस काम मिळे. कोणी मेला, बडतर्फ झाला किंवा पेन्शनीवर गेला, म्हणजे कायम होण्याची आशा. ‘उमेदवारी करणे’ या वाक्प्रचारात आजही बिनपगारी खर्डेघाशीची जी छटा आहे, ती येथूनच आलेली आहे. येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. या माणसाला काम होते. नव्हता तो पगार. त्याला ‘बेकार’ म्हणणे भाषेलाच मानवले नसते.

ही पद्धत वरकरणी शिकवणुकीची वाटते, आणि काही अंशी ती तशी होतीही. दफ्तराची बांधणी, हुकुमाची भाषा, तारखांचे कोष्टक, कोणता कागद कोणाकडे जातो याचे ज्ञान, या गोष्टी कोणत्याही पुस्तकात नव्हत्या. त्या शेजारी बसूनच येत. परंतु शेजारी बसण्यास जागा कोणाला मिळे आणि बिनपगारी किती वर्षे काढणे कोणास परवडे, हा खरा प्रश्न होता. ज्याचा मामा शिरस्तेदार, ज्याला तालुक्याच्या गावी नातलगाच्या घरी राहता येते, ज्याच्या घरी वाचणे-लिहिणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे, त्यालाच ही आशा धरता येई. शेतकऱ्याच्या मुलाने दोन-तीन वर्षे पगाराविना कचेरीत घालवावी म्हटले, तर त्याच्या घरचे औत कोणी धरावयाचे? उमेदवारीचा दरवाजा उघडा दिसे, पण त्याचा उंबरठा जातीचा आणि ऐपतीचा होता.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात आणि पुढल्या वर्षी पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जी तक्रार मांडली, तिचे मर्म हेच आहे. सरकार परके, पण कचेरी एका वर्गाची. आणि रयतेचा संबंध सरकारशी येतो तो या कचेरीच्या द्वारे. कोल्हापूर संस्थानाच्या कारभारात शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागा ब्राह्मणांकडे होत्या आणि सुमारे ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर अवघे १० होते, असे आकडे इतिहासकार देतात. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. या जाहीरनाम्याचा विचार सामाजिक न्यायाच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. नोकरभरतीच्या इतिहासात त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. कोणाला आत घ्यावयाचे हा निर्णय त्याने शिरस्तेदाराच्या बैठकीवरून उचलला आणि छापील हुकुमात आणला. १९१८ साली त्याच संस्थानात कुलकर्णी वतने खालसा होऊन पगारी तलाठी आले, आणि जेथे अर्जच लागत नसे तेथेही अर्जाचा प्रवेश झाला.

अर्जाच्या भाषेचा प्रवास याच काळाला समांतर आहे. ‘अर्ज’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा अर्थ पुढे मांडणे, निवेदन करणे. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात कनिष्ठाने वरिष्ठास लिहिताना ‘विनंती ऐसी जे’ असा आरंभ आणि ‘सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना’ असा शेवट करण्याची रूढी होती. कंपनीच्या अमलात लिहिणारे हात बरेचसे तेच राहिले, त्यामुळे वळणही तेच राहिले. मायन्यात फक्त ‘मेहेरबान साहेब’ आले, आणि मागणे करुणेचे असेल तेव्हा ‘गरीबपरवर’ व ‘मायबाप सरकार’ आले. अशा अर्जात मागणाऱ्याची पात्रता क्वचितच पहिल्या वाक्यात येई. आधी घरची स्थिती, वडिलांनी केलेली चाकरी, खाणारी तोंडे, आणि मग जागा. नोकरी हा येथे हक्क नाही, करारही नाही. ती कृपा आहे. इंग्रजी शाळांतून बाहेर पडलेल्या पिढीने इंग्रजी अर्जाचा साचा घेतला, त्यात पात्रता आधी आली. पण अखेरीस ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ राहिलाच. आज्ञाधारकपणा इंग्रजीनेही मागितला आणि मराठीनेही. फरक एवढाच की इंग्रजी साच्यात खाणारी तोंडे मोजण्यास जागा उरली नाही.

परीक्षेने या व्यवहारास दुसरी कलाटणी दिली. बंगालमध्ये लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारने १८४४ साली इंग्रजी शिकलेल्यांस सरकारी नोकरीत अग्रक्रम देण्याचे ठरविले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. हे वरच्या थराचे झाले. खालच्या थरावर मराठी शाळेतील अखेरच्या इयत्तेची परीक्षा हेच कारकुनीचे व मास्तरकीचे दार होते. लोक तिला ‘मुलकी’ म्हणत. मुलकी कारभाराची जागा तिच्यातून मिळे म्हणून परीक्षेलाच ते नाव पडले. परीक्षेचे नाव ज्ञानावरून न पडता नोकरीवरून पडावे, यात त्या काळच्या शिक्षणाचे स्वरूप पुरेसे उघड होते.

ही परीक्षा देण्यासाठी काय करावे लागे, याचे सर्वांत बोलके साक्ष्य महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्त’ या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. १८७५ च्या सुमारास कोकणातील मुरूडहून निघून, पावसापाण्यातून सह्याद्री चढून, सुमारे ११० मैलांची वाट पायी तुडवीत ते साताऱ्यास पोहोचले. आणि तेथे वय लहान दिसते एवढ्यावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. प्रसंग करुण आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातील दुसरी बाजूही पाहावी. मुरूडच्या त्या मुलाला साताऱ्यात कोणी शिरस्तेदार मामा लागत नव्हता. जुन्या पद्धतीत त्याला तेथवर जाण्याचे प्रयोजनच नव्हते. नियमाने त्याला बोलावले, आणि ‘दिसण्या’ने परत पाठविले. कागदाचे राज्य सुरू झाले होते, पण कागद वाचणारा अद्याप तोंडाकडे पाहूनच निर्णय करीत होता.

परीक्षा उत्तीर्ण होऊनही जागा व बढती यांच्या वाटेवर माणसे उभी होतीच. मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्याविरुद्ध १८८८ साली जी चौकशी झाली, तीत अनेक मामलेदारांनी नेमणुका व सोयीच्या बदल्या यांसाठी पैसे दिल्याचे अभयवचन घेऊन सांगितले. लाचलुचपतीचा आरोप चौकशी आयोगाने सिद्ध मानला नाही. क्रॉफर्ड यांना हाताखालच्या मुलुखातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल नोकरीतून जावे लागले. पुढे वादळ उठले ते मामलेदारांवर. ज्यांनी पैसे दिल्याचे कबूल केले ते न्यायासनावर कसे बसणार, असा सवाल विलायतेपर्यंत गेला. लोकमान्य टिळकांनी त्यांची बाजू उचलून धरली, आणि १८८९ साली त्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. या प्रकरणाचे एक फळ असे की ‘वशिला’ या शब्दाचा जुना, सौम्य अर्थ पुन्हा भरून आला नाही. अरबीत ‘वसीला’ म्हणजे साधन, जवळ जाण्याचा मार्ग. मराठीत तो मार्ग मागच्या दाराचा झाला.

पहिल्या महायुद्धानंतर चित्र वेगाने पालटले. युद्धकाळात वाढलेली खाती आखडू लागली. १९२२-२३ च्या इंचकेप समितीने मध्यवर्ती सरकारच्या खर्चात मोठी काटछाट सुचविली. शाळा व कॉलेजे मात्र आखडली नाहीत. बंगाल, मद्रास व पंजाब या प्रांतांत सुशिक्षितांच्या बेकारीची चौकशी करण्यासाठी त्या दशकात समित्या नेमल्या गेल्या. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने मध्यमवर्गीय बेकारीवरील आपला अहवाल १९२७ साली प्रसिद्ध केला. १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि १९३१ च्या अखेरीस सरकारी पगारांतही दहा टक्के कपात झाली. संयुक्त प्रांतात सर तेजबहादूर सप्रू यांच्या समितीचा अहवाल १९३५ चा.

या अहवालांच्या काळातच ‘बेकार’ हे विशेषण मराठीत नाम म्हणून रुळले, आणि ‘सुशिक्षित बेकार’ हा जोडशब्द घडला. पूर्वी ‘बेकार’ म्हणजे निरुपयोगी किंवा रिकामा. वस्तूलाही लागे, गप्पांनाही लागे. आता तो माणसांच्या एका वर्गाचे नाव झाला. फारसी ‘कार’ म्हणजे काम. ‘कारकून’ म्हणजे काम करणारा आणि ‘बेकार’ म्हणजे कामावाचून असलेला. दोन्ही शब्दांत धातू एकच. मंदीतल्या मध्यमवर्गाने या दोन शब्दांच्या मध्ये तिसरा शब्द उरू दिला नाही. कारखाना, शेती, दुकान ही कामे होती, पण ती ‘कार’ या शब्दाच्या त्याच्या अर्थात बसत नव्हती. लोकहितवादींपासून अनेकांनी या कारकुनीच्या ओढीवर कोरडे ओढले आहेत, आणि ते रास्तही आहे. तथापि ज्या घराला जमीन नाही, भांडवल नाही, आणि ज्याच्याजवळ अक्षरओळख हीच एक मालमत्ता आहे, त्याने ती मालमत्ता कोठे वटवावी याचे उत्तर त्या टीकाकारांपैकी फारच थोड्यांनी दिले.

त्याच सुमारास निवडीची यंत्रणा अधिक व्यक्तिनिरपेक्ष होत होती. मध्यवर्ती लोकसेवा आयोग १९२६ साली आणि मुंबई व सिंध यांचा संयुक्त आयोग १९३७ साली अस्तित्वात आला. मध्यवर्ती सेवांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा १९४३ साली राखल्या गेल्या, त्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. वयोमर्यादा आणि परीक्षा-शुल्क यांतही सवलत मिळाली. शुल्काची ही सवलत किरकोळ वाटेल. पण अर्ज करण्यालाच पैसा पडतो आणि वाट पाहण्याला वय खर्ची पडते, ही गोष्ट नियमाने मान्य केली, हा त्यातील मुद्दा. उमेदवारीच्या जुन्या पद्धतीने ती कधी मान्य केली नव्हती.

लष्करातून मोकळ्या झालेल्या सैनिकांसाठी १९४५ साली काढलेली रोजगार विनिमय केंद्रे १९४८ पासून सर्वांस खुली झाली. १९५९ च्या अधिनियमाने, जो १ मे १९६० पासून अमलात आला, रिकाम्या जागा केंद्रांना कळविणे सरकारी कचेऱ्यांवर व मोठ्या खाजगी आस्थापनांवर बंधनकारक झाले. अकुशल कार्यालयीन काम मात्र त्यातून वगळले होते; आणि त्या कामाची व्याख्या देताना इंग्रजीत लिहिलेल्या या अधिनियमाला दफ्तरी, जमादार, फरास हे शब्द वापरावे लागले. कारकुनास पुढे ‘लिपिक’ हे संस्कृत नाव मिळाले, तरी ‘अव्वल कारकून’ महसूल खात्यात दीर्घकाळ टिकला. अर्जाचा ‘आवेदनपत्र’ करून पाहिला गेला; लोक अर्जच करीत राहिले.

‘उमेदवार’ हा शब्द मात्र फुटला. एक अर्थ निवडणुकीकडे गेला, दुसरा परीक्षेच्या प्रवेशपत्रावर बसला, आणि तिसरा, सर्वांत जुना, १९६१ च्या अधिनियमाने ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून उचलला. या उमेदवाराला विद्यावेतन देणे कायद्याने आवश्यक ठरले, म्हणजे बिनपगारी बैठक संपली. परंतु शिक्षण पुरे झाल्यावर त्याला नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन मालकावर नाही, हेही त्याच अधिनियमाच्या २२ व्या कलमात लिहिलेले होते. २०१४ च्या दुरुस्तीने एवढेच बदलले की याबाबतचे धोरण प्रत्येक मालकाने स्वतः ठरवावे. दोन वर्षे आधीच्या अधिनियमातही, जागा कळविली म्हणून केंद्राने पाठविलेल्या माणसालाच ती द्यावी असे बंधन नाही, अशी तरतूद होती. मामलेदार कचेरीतल्या जुन्या उमेदवारालाही जागेचे वचन कोणी देत नसे; फक्त ते कोठे लिहून ठेवलेले नव्हते.