राजा, तलवार आणि चाळीसगावचा टांगा



धुळे-जळगावकडच्या वस्त्यांत आम्ही संध्याकाळी मुलांना इंग्रजी शिकवतो. चौथी-पाचवीची पोरं. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि वरून इंग्रजी. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झाली, ते चांगलेच झाले. पण वाचनाला पुस्तके कोणती मिळतात? लोकांनी दान दिलेली, राजा-राणीच्या गोष्टींची. किंग, क्वीन, पॅलेस, थ्रोन. एक मुलगी 'सोर्ड' हा शब्द 'स्वोर्ड' असा वाचते आणि सगळा वर्ग हसतो. तिला सिंहासनाचे स्पेलिंग येते, पण तिची आई रोज कापूस वेचायला जाते ते इंग्रजीत कसे सांगायचे, हे तिला येत नाही.

यावरून आमच्यात भांडण झाले. एक साथी म्हणाला, राजेरजवाडे वर्गातून बाहेर काढा. दुसरा म्हणाला, काढू नका, आपले राजे आणा. सम्राट अशोक आणा, शाहू महाराज आणा, सयाजीराव आणा. आम्हाला दोन्ही म्हणणी अर्धवट वाटतात.

आधी हे पाहू की 'राजांचा इतिहास' म्हणून जो शिकवतात, त्यात कोणते राजे असतात. खान्देशावर 1382 ते 1601 अशी दोनशेवर वर्षे फारुकी घराण्याने राज्य केले. मलिक राजाची राजधानी थाळनेरला, म्हणजे आजच्या शिरपूर तालुक्यात. लळिंगचा किल्ला त्यांचाच. पुढे अकबराने असीरगड घेतला आणि ते राज्य संपले. थाळनेरला त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत. आमच्या वर्गातल्या एकाही मुलाने हे नाव ऐकलेले नव्हते. इंग्लंडच्या राणीचे नाव मात्र सगळ्यांना ठाऊक! म्हणजे प्रश्न राजांचा नाही, राजे निवडतो कोण याचा आहे. ज्या धुळ्यात राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ 1927 पासून कागदपत्रे जपत बसले आहे, त्या धुळ्यातल्या पोरांची ही अवस्था.

दुसरे उदाहरण चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याचे. तिथे इ.स. 1207 च्या सुमाराचा यादवकाळातला शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, त्यात आजोबांचे ग्रंथ शिकवायचे, आणि निकुंभ घराण्याच्या राजांनी त्याला दान दिले. पुस्तकात इतके आले की धडा संपतो. राजा विद्येचा भोक्ता, टाळ्या. पण त्याच लेखाच्या शेवटी जुन्या मराठीत दानाचा तपशील आहे. बाजारात येणाऱ्या मालावरचे राजाचे उत्पन्न मठाला, आणि जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. मठातला दिवा कुणाच्या तेलावर जळत होता ते दगडावर कोरलेले आहे. तेल देणाऱ्यांच्या मुलांना त्या मठात बसायला मिळत होते का? मुलांना हा प्रश्न विचारला, की राजाचा धडा एकदम जिवंत होतो. तेलाला इंग्रजीत काय म्हणतात, घाण्याला काय, कराला काय, हे शब्द पोरं स्वतःहून मागतात.

जोतीरावांनी हेच केले होते. 1869 मध्ये त्यांनी शिवाजीराजांचा पवाडा लिहिला तो राजा काढून टाकण्यासाठी नव्हे, तर गो-ब्राह्मण प्रतिपालकाच्या चौकटीतून सोडवून शेतकऱ्यांच्या हाती देण्यासाठी. राजा वगळणे हा फुल्यांचा मार्ग नाही.

आता आपल्या राजांबद्दल. इथे आपल्याच लोकांना थोडे टोचेल, पण बोलायला हवे. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. सयाजीराव तर आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचे. त्यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले. हे शिकवलेच पाहिजे. पण 1917 मध्ये बाबासाहेब त्याच बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. नाव बदलून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथूनही हाकलले. महाराज चांगले होते, पण राज्यातली धर्मशाळा, कचेरी आणि शेजार जातीचाच होता. ही बाजू गाळून सयाजीराव शिकवले, तर आपणही गोष्टीतला दयाळू राजाच शिकवतो.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः इंग्रजीत लिहिला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाची ती छोटी पुस्तिका. कोलंबिया विद्यापीठात ती अभ्यासाला लावतात. त्यातले एक प्रकरण आमच्या चाळीसगावचे आहे! 1929 साली बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य होते. धुळे लाइनवरच्या एका गावातल्या सामाजिक बहिष्काराच्या चौकशीसाठी ते चाळीसगावला थांबले. महारवाड्यातली माणसे त्यांना न्यायला स्टेशनवर आली. टांगे होते, पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. आपल्यातल्याच एकाने लगाम धरला, त्याला सवय नव्हती. मोरीवर टांगा उलटला, घोडा आणि टांगा नदीत गेले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हे इंग्रजी अवघड नाही. मुलांनी रोज पाहिलेले स्टेशन, नदी, पूल, सगळे त्यात आहे.

एका ताईंनी आक्षेप घेतला, तो आम्ही हसण्यावारी नेला नाही. त्या म्हणाल्या, "दहा वर्षांच्या लेकराला इंग्रजीच्या पहिल्याच पुस्तकात स्वतःचा अपमान वाचायला द्यायचा? राजा-राणी वाचताना ते निदान दोन घटका खूश तरी असते." खरे आहे. आम्हीही त्या गोष्टी वाचूनच वाचायला शिकलो. म्हणून राजाराणीची पुस्तके आम्ही फेकली नाहीत, ती कपाटातच आहेत. पण ताई, टांगेवाल्याच्या गोष्टीत अपमान कुणाचा झाला? पाय मोडलेला माणूस बॅरिस्टर होता, तो पुढे उभा राहिला आणि जगाच्या भाषेत त्याने ती हकीकत लिहून ठेवली. मुलांना हे सांगून पाहिले. 'स्वोर्ड' म्हणणाऱ्या मुलीने विचारले, "ज्यानी टांगा हाकला, त्याला काय लागलं का?" आमच्यापैकी कुणाच्याही मनात हा प्रश्न आला नव्हता.

31 जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी आपली माणसे जमतात. 1937 मध्ये बाबासाहेब तिथे मुक्कामाला होते. यंदा वर्गातल्या मुलांना घेऊन जाणार आहोत. वर फारुकींचा किल्ला, खाली बाबासाहेबांचा मुक्काम. पोरांनी दोन्ही पाहायचे आणि परत आल्यावर प्रत्येकाने पाच ओळी इंग्रजीत लिहायच्या. चुका चालतील. ज्यांच्याकडे जुनी वह्या-पेने पडून असतील त्यांनी आणून द्यावीत.