ट्राममार्ग व आंतरनगरी विद्युत् रेल्वे

ट्राममार्ग व आंतरनगरी विद्युत् रेल्वे : शहराच्या रस्त्यातच बसविलेल्या रुळांवरून उतारूंची ने-आण करणाऱ्या गाड्यांच्या मार्गास ट्राममार्ग म्हणतात. तशाच, परंतु काहीशा मोठ्या व वेगवान विद्युत् गाड्या एका गावाहून दुसऱ्या गावी नेणाऱ्या हलक्या रूळमार्गास आंतरनगरी विद्युत् रेल्वे अशी संज्ञा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेवरील कर्षणाचा शोध व्यवहारात आल्यावर या दोन्ही प्रकारांचा झपाट्याने प्रसार झाला आणि सु. पन्नास वर्षांत बहुतेक ठिकाणी त्यांचा ऱ्हासही झाला. महाराष्ट्रात मुंबईची विद्युत् ट्राम (१९०७–६४) व मुंबईची उपनगरी विद्युत् रेल्वे (१९२५ पासून) ही या इतिहासाची दोन प्रमुख अंगे होत. विद्युत् चलित्र हेच दोहोंचे मूळ साधन असताना पहिली नामशेष झाली व दुसरी शहराची जीवनवाहिनी ठरली, यामागे तंत्रापेक्षा मार्गावरील हक्काचा प्रश्न अधिक होता.

उगम व विकास : सुरुवातीच्या ट्रामगाड्या घोडे ओढीत. लोखंडी रुळांवर घर्षण कमी असल्याने साध्या रस्त्यावरील गाडीपेक्षा पुष्कळ अधिक उतारू तितक्याच घोड्यांना ओढता येत. तथापि एक घोडा दिवसातून थोडेच तास काम करू शके. त्यामुळे प्रत्येक गाडीमागे अनेक घोडे पाळावे लागत. चारा, तबेले, मोतद्दार व जनावरांचे आजार यांवर कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग खर्च होई.

जर्मन अभियंते व्हेर्नर फोन सीमेन्स यांनी १८७९ मध्ये बर्लिन येथील प्रदर्शनात विजेवर चालणारी लहान रेल्वे चालवून दाखविली आणि १८८१ मध्ये बर्लिनजवळील लिख्टरफेल्ड येथे सु. २·५ किमी. लांबीचा विद्युत् ट्राममार्ग सुरू केला. या मार्गावर रुळांतूनच वीज पुरविली जात असल्याने रस्ता ओलांडणाऱ्या माणसांना व जनावरांना धक्का बसण्याचा धोका होता. रहदारीच्या रस्त्यासाठी ही पद्धत अर्थातच निरुपयोगी होती. हा प्रश्न अमेरिकन अभियंते फ्रँक स्प्रेग यांनी व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी १८८८ मध्ये समाधानकारक रीतीने सोडविला. रस्त्यावर उंच टांगलेल्या तारेतून, गाडीच्या टपावरील दांड्याच्या टोकास बसविलेल्या चाकामार्फत वीज घ्यावयाची व रुळांतून ती परत न्यावयाची, अशी ही योजना होती. चलित्राची एक बाजू आसावर व दुसरी गाडीच्या सांगाड्यावर टेकविल्याने खडबडीत मार्गावरही दंतचक्रांची जुळणी कायम राहू लागली. रिचमंडच्या तीव्र चढांवर या गाड्या यशस्वी ठरताच अमेरिकेतील शहरांनी घोड्यांना निरोप दिला. १९०२ पर्यंत तेथील नागरी रूळमार्गांपैकी सु. ९७ टक्के मार्ग विजेवर चालत होते. स्प्रेग यांनीच १८९७ मध्ये शिकागो येथे अनेक डब्यांची चलित्रे एकाच चालकाकडून नियंत्रित करण्याची पद्धती प्रचारात आणली. मुंबईच्या लोकलगाड्यांचे तत्त्व हेच होय.

आंतरनगरी रेल्वे : शहरातील ट्राममार्ग वेशीबाहेर वाढवीत नेल्यास शेजारचे गाव जोडता येईल, या साध्या विचारातून आंतरनगरी रेल्वे जन्मास आली. अमेरिकेच्या ओहायओ व इंडियाना या राज्यांत तिचा सर्वाधिक विस्तार झाला. शहरात ही गाडी रस्त्यातील रुळांवरून हळू चाले, तर बाहेर पडताच रस्त्याच्या कडेने अथवा स्वतंत्र पट्ट्यातून वेग घेई. वाफेच्या रेल्वेपेक्षा तिचे भाडे कमी व फेऱ्या अधिक असत आणि ती वाटेत कोठेही थांबे. शेतकऱ्यांचे दूध, अंडी, भाजीपाला व वर्तमानपत्रांचे गठ्ठेही ती नेत असे. १९१६ च्या सुमारास अमेरिकेत अशा मार्गांची एकूण लांबी सु. २५,००० किमी. झाली होती.

हा डोलारा मात्र अल्पायुषी ठरला. अनेक मार्ग गर्दीचा पुरेसा अंदाज न घेता कर्जाऊ भांडवलावर बांधण्यात आले होते. सरकारी पैशाने पक्के रस्ते होऊ लागले, त्यांवर खाजगी मोटारी व बसगाड्या धावू लागल्या; रेल्वे कंपन्यांना मात्र आपला मार्ग स्वखर्चाने राखावा लागे, आणि शहरात तर रुळांलगतच्या फरसबंदीची जबाबदारीही बहुधा त्यांच्यावरच असे. १९२९ नंतरच्या महामंदीत बहुसंख्य कंपन्या बुडाल्या.

भारतातील ट्राममार्ग : कलकत्त्यात १८७३ मध्ये अश्वट्रामचा पहिला, अल्पजीवी प्रयोग झाला. विद्युत् ट्राम मात्र प्रथम मद्रास येथे १८९५ मध्ये सुरू झाली. त्यानंतर कलकत्ता (१९०२), मुंबई व कानपूर (१९०७) आणि दिल्ली (१९०८) या शहरांत ती आली. यांपैकी कलकत्त्याखेरीज अन्य सर्व ठिकाणची सेवा १९३३ ते १९६४ या काळात बंद पडली.

मुंबईची ट्राम : ‘बाँबे ट्रामवे कंपनी’ची स्थापना १८७३ मध्ये झाली व ९ मे १८७४ रोजी कुलाबा–पायधुणी आणि बोरीबंदर–पायधुणी या दोन मार्गांवर अश्वट्राम सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी हे भाडे आरंभी तीन आणे होते. काही महिन्यांतच ते दोन आण्यांवर आणावे लागले. यावरून भाडे उतरल्याखेरीज ट्राम सामान्य माणसाची होऊ शकत नाही, हे कंपनीच्या ध्यानी आले.

विजेचा प्रश्न १९०५ मध्ये मार्गी लागला. त्या वर्षी ‘बाँबे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ स्थापन होऊन तिने जुनी कंपनी विकत घेतली. शहरास वीज पुरविणे व ट्राम चालविणे ही दोन्ही कामे एकाच कंपनीकडे सोपविण्यात आली. या जोडणीस व्यावहारिक कारण होते. घरगुती दिव्यांची मागणी मुख्यतः सायंकाळी असे, तर ट्रामला दिवसभर वीज लागे. त्यामुळे वीजकेंद्राचा भार दिवसभर विभागला जाई. वाडीबंदर येथे कंपनीने वीजकेंद्र उभारले आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत पहिली विद्युत् ट्राम धावली. वाढत्या गर्दीसाठी १९२० मध्ये दुमजली ट्रामगाड्या आणण्यात आल्या.

ट्रामचा विस्तार हा शहराच्या पुनर्रचनेशी निगडित होता. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या नगरसुधार विश्वस्त मंडळाने (१८९८) दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले व दादर–माटुंगा भागात नवी वसाहत आखली. तत्पूर्वी कामाच्या ठिकाणापासून पायी जाता येईल एवढ्याच अंतरात राहणे कामगारास व कारकुनास भाग होते. स्वस्त व ठराविक वेळी मिळणाऱ्या वाहनामुळे हे बंधन सैल झाले. दादरसारख्या भागात मध्यमवर्गीय मराठी वस्ती वाढण्यास जी कारणे झाली, त्यांत ट्राम व रेल्वे यांचा वाटा मोठा आहे.

उपनगरी विद्युत् रेल्वे : मुंबई–ठाणे हा ३४ किमी.चा देशातील पहिला उतारू रेल्वेमार्ग १८५३ मध्येच सुरू झाला होता. त्यामुळे शहराबाहेर जाणारे उत्तम मार्ग विजेचे युग येण्यापूर्वीच ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला’ व ‘बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया’ या दोन वाफेच्या रेल्वे कंपन्यांच्या ताब्यात गेले होते. वाफेच्या एंजिनास वेग घेण्यास वेळ लागे व शेवटच्या स्थानकात ते फिरवून जोडावे लागे. थोड्या अंतरावर स्थानके असलेल्या उपनगरी वाहतुकीस हे अडचणीचे होते. विद्युत् गाडी दोन्ही दिशांनी चालविता येते व झपाट्याने वेग घेते. म्हणून त्याच रुळांवर अधिक गाड्या सोडता येतात.

भारतातील पहिली विद्युत् रेल्वे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या बंदर मार्गावर सुरू झाली. तिच्यासाठी १,५०० व्होल्ट एकदिश विद्युत् प्रवाहाची योजना करण्यात आली. पश्चिमेकडील कुलाबा–बोरीवली मार्गावर विद्युत् गाड्या १९२८ मध्ये व विरारपर्यंत १९३६ मध्ये गेल्या. सह्याद्रीच्या पावसावर चालणारी टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही जलविद्युत् केंद्रे याच काळात उभी राहिली. रेल्वेने कल्याणजवळ स्वतःचे औष्णिक केंद्रही उभारले.

यानंतर बोर व थळ घाटांतून अनुक्रमे पुणे (१९२९) व इगतपुरी (१९३०) येथपर्यंत विद्युतीकरण झाले. सदतिसास एक अशा चढावर जड गाड्या ओढण्याच्या कामी विद्युत् एंजिन वाफेच्या एंजिनाहून कितीतरी सरस ठरले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली मुंबई–पुणे ‘दख्खनची राणी’ ही या विद्युतीकरणाचे फळ होय. प्रारंभी ती मुख्यतः घोड्यांच्या शर्यतींसाठी जाणाऱ्यांची आठवडाअखेरची गाडी होती. पुढे रोज धावू लागली. दोन नगरांना विजेने जोडणारी गाडी या अर्थाने आंतरनगरी रेल्वेचे हे महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण. परंतु ती रस्त्याच्या कडेची हलकी गाडी नसून मुख्य लोहमार्गावरील अवजड गाडी होती.

महाराष्ट्रातील अन्य भाग : हलक्या आंतरनगरी मार्गाची गरज राज्यात नव्हती, असे नाही. नासिक रोड स्थानक व नासिक शहर यांमधील अंतर तोडण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोड्यांची ट्राम सुरू करण्यात आली होती; पण तिचे विद्युतीकरण होऊ शकले नाही. बार्शी लाइट रेल्वे (१८९७) किंवा विदर्भातील कापूस वाहणारे अरुंदमापी मार्ग यांनी हे कार्य वाफेवरच केले.

खानदेशचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरकडे जाणारा ताप्ती खोरे रेल्वेचा रुंदमापी मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला आणि नंदुरबार ही कापूस व धान्य यांची रेल्वेवरील बाजारपेठ बनली. तापीच्या उत्तरेकडील शहादे, तळोदे ही बाजारगावे मात्र रुळांपासून दूरच राहिली. इंडियानात एवढ्याच अंतरावरील गावांमध्ये विजेची गाडी दर तासास धावत असे. येथे ग्रामीण भागात वीज नव्हती, रोज भाडे देऊन प्रवास करणारा वर्ग लहान होता व तापीसारख्या नदीवरील पुलाचा खर्च अशा रेल्वेस पेलणारा नव्हता. ही उणीव अखेर राज्य परिवहनाच्या बसने भरून काढली. तिची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. नंदुरबारच्या मुख्य मार्गास विद्युत् कर्षणाचा लाभ होण्यास तर एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले. कोळशापासून थेट विजेकडे न जाता या मार्गाने मध्यंतरी डीझेलचा दीर्घ कालखंड पाहिला.

ऱ्हास : मुंबईत ट्राम कंपनीनेच १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सुरू केली. १९०५ च्या सनदेतील तरतुदीनुसार मुंबई महानगरपालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी वीज व वाहतूक हा संयुक्त व्यवसाय ताब्यात घेतला. मोटारींची संख्या वाढली तशी रस्त्याच्या मध्यभागी थांबणारी, अडथळा बाजूस सारून पुढे जाता न येणारी ट्राम ही रहदारीस अडचण मानली जाऊ लागली. उतारूंना गाडीत चढण्यासाठी रस्त्याच्या मधोमध यावे लागे. जुने रूळ व गाड्या बदलण्यास भांडवल हवे होते. बसला मात्र महानगरपालिकेचा रस्ता तयारच मिळे. एकेक मार्ग बंद होत जाऊन ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदर ते दादर ही अखेरची ट्राम नागरिकांच्या मोठ्या गर्दीत धावली. रुळांविना, पण तारेतील विजेवर चालणारी ट्रॉलीबस १९६२ मध्ये आणण्यात आली होती. तीही १९७१ मध्ये बंद झाली.

मूल्यमापन : ट्राम मंदगती होती म्हणून गेली, हे प्रचलित मत अर्धसत्य आहे. तिची गती मुख्यतः इतर वाहनांनी अडविली होती. ट्रामगाडीत मावणारे उतारू मोटारींतून न्यावयाचे झाल्यास कितीतरी अधिक रस्ता व्यापला जातो. तथापि रस्त्याचा कोणता भाग कोणासाठी राखावयाचा, याचा निर्णय सार्वजनिक वाहनाच्या बाजूने झाला नाही. उपनगरी रेल्वेचा मार्ग कुंपणाने वेगळा असल्याने तिच्यावर हा प्रसंग आला नाही. तिचे १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहाचे तंत्र २०१६ पर्यंत २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहात बदलण्यात आले, मार्ग मात्र तोच राहिला. मुंबईत २०१४ पासून धावू लागलेली मेट्रोही रस्त्यावरून न जाता स्वतंत्र उन्नत मार्गावरून नेण्यात आली, हे या अनुभवास धरूनच आहे. पन्नास वर्षांपूर्वी रस्त्यातून काढलेल्या सोयीची भरपाई अशा रीतीने रस्त्याच्या वर, पुष्कळ अधिक खर्चाने करावी लागली.

मुंबईच्या रस्त्यांवरून ट्राम गेली, तरी दादर पूर्वेतील चौकाचे ‘दादर टी. टी.’ हे नाव लोकांच्या तोंडी टिकून आहे. त्यातील ‘टी. टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस होय.