घरगुती मास्टरिंग

घरगुती मास्टरिंग म्हणजे ध्वनिमुद्रित संगीतावर प्रकाशनापूर्वी केला जाणारा अखेरचा तांत्रिक संस्कार व्यावसायिक स्टुडिओऐवजी राहत्या घरातील खोलीत करणे होय. अशी खोली बहुधा ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने सिद्ध केलेली नसते. तिच्या भिंती, फरशी व छत ध्वनी परत फेकतात आणि ऐकणाऱ्याच्या कानावर मूळ ध्वनीसोबत खोलीचाही ध्वनी पडतो. संगणक, सॉफ्टवेअर व ध्वनिक्षेपक स्वस्त झाल्यापासून स्टुडिओ आणि घर यांतील साधनांचे अंतर पुष्कळ कमी झाले आहे. जे अंतर उरले आहे ते मुख्यतः खोलीचे आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील देवनार, गोवंडी, मानखुर्द यांसारख्या दाट वस्तीच्या भागांत, जेथे संपूर्ण घरच एखाद्या स्टुडिओच्या कक्षाहून लहान असते, तेथे हा प्रश्न विशेष तीव्र होतो.

पार्श्वभूमी

गाण्यातील वेगवेगळ्या वाद्यांचे व आवाजांचे मार्ग एकत्र करणे म्हणजे मिक्सिंग. त्यातून तयार झालेल्या द्विमार्गी ध्वनिफितीचा स्वरसमतोल, गतिमानता (मोठ्या व लहान आवाजांतील अंतर), एकूण पातळी आणि गाण्यांचा क्रम निश्चित करणे म्हणजे मास्टरिंग. या व्यवसायाचे मूळ तबकडीवर खाच कोरण्याच्या कामात आहे. खर्जाचा भाग फार मोठा असेल तर खाच रुंद होऊन तबकडीवरील वेळ कमी पडे किंवा सुई उडे. त्यामुळे कोरणाऱ्या तंत्रज्ञाला ध्वनीत फेरफार करावे लागत. तबकडी मागे पडली, तरी प्रकाशनापूर्वी त्रयस्थ कानांनी एकदा सर्व ऐकून पाहण्याची प्रथा टिकून राहिली.

सिद्ध न केलेल्या खोलीत ध्वनिमुद्रण करणे भारताला नवीन नाही. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकाता येथे गौहर जान यांचे जे ध्वनिमुद्रण केले, ते हॉटेलातील खोलीत तात्पुरती यंत्रणा मांडून केले होते. मात्र त्या काळच्या कर्ण्याच्या यंत्रणेत सुमारे दोनशे हर्ट्झखालचा ध्वनी फारसा उमटतच नसे. त्यामुळे लहान खोलीचा जो सर्वांत मोठा दोष, म्हणजे खर्जाचा विपर्यास, तो आपोआप टळत असे. आजचे घरगुती ध्वनिक्षेपक चाळीस-पन्नास हर्ट्झपर्यंत उतरतात आणि दोष उघडा पडतो.

एकविसाव्या शतकात ध्वनिमुद्रण पुन्हा घरात आले. कुर्ला येथील रॅपर नेझी याने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणे आयपॅडच्या साहाय्याने तयार केले व त्यातून मुंबईच्या गल्ली रॅपकडे लक्ष वेधले गेले. अमेरिकेत बिली आयलिश हिचा २०१९ मधील पहिला अल्बम तिचा भाऊ फिनियस याने मुख्यतः लॉस एंजेलिसमधील घरातील शयनकक्षात ध्वनिमुद्रित केला. या अल्बमचा दाखला घरगुती निर्मितीच्या समर्थनार्थ नेहमी दिला जातो. त्याचे मिक्सिंग रॉब किनेल्स्की यांनी व मास्टरिंग जॉन ग्रीनहॅम यांनी केले होते, ही गोष्ट मात्र अशा वेळी सहसा सांगितली जात नाही. घरात गाणे मुद्रित करणे आणि त्याच खोलीत त्याचा अंतिम निवाडा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लहान खोलीतील खर्ज

समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतर एखाद्या ध्वनीच्या निम्म्या तरंगलांबीइतके असेल, तर त्या वारंवारतेचा स्थिर तरंग निर्माण होतो. त्या वारंवारतेला खोलीचा अनुनाद म्हणतात. तीस अंश सेल्सिअस तापमानात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो. त्यानुसार १२ फूट लांब, १० फूट रुंद व ९ फूट उंच खोलीचे पहिले अनुनाद लांबीच्या दिशेने सुमारे ४८, रुंदीच्या दिशेने ५७ आणि उंचीच्या दिशेने ६४ हर्ट्झवर येतात. खोली चौरस असेल, म्हणजे लांबी-रुंदी दोन्ही १० फूट असतील, तर दोन अनुनाद ५७ हर्ट्झवरच एकवटतात व दोष दुणावतो.

याचा अर्थ प्रत्यक्ष सुरांत पाहता येतो. रॅप व नृत्यसंगीतात वापरला जाणारा ‘८०८’ हा इलेक्ट्रॉनिक खर्ज बहुधा ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. वरील खोलीत ४९ हर्ट्झचा सूर (पाश्चात्त्य पद्धतीतील जी) लांबीच्या अनुनादाला अगदी लागून येतो, तर ४१ हर्ट्झचा सूर (ई) कोणत्याही अनुनादाच्या आधाराविना राहतो. मूळ ध्वनिफितीत दोन्ही सूर समान पातळीचे असले, तरी भिंतीजवळ बसलेल्याला पहिला सूर गडगडताना ऐकू येतो. तीच व्यक्ती खोलीच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसली, तर हाच सूर जवळजवळ नाहीसा होतो, कारण पहिल्या अनुनादाचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक व मध्यावर किमान असतो. मध्यावर बसणारा तंत्रज्ञ खर्ज वाढवत राहतो आणि ते गाणे दुसऱ्या घरी, मोटारीत किंवा मंडळाच्या ध्वनियंत्रणेवर वाजले की बोजड होते.

भारतीय तालवाद्यांच्या बाबतीत अडचण अधिक सूक्ष्म आहे. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा एका सुरावर स्थिर नसतो. मनगटाच्या दाबाने तो खालून वर सरकतो. सरकताना तो खोलीच्या एकेका अनुनादावरून जातो, त्यामुळे एकाच बोलाचा काही भाग फुगतो व काही भाग बुडतो. ऐकणाऱ्याला वादकाचा हात असमान पडला असे वाटते. मग कॉम्प्रेसर लावून तो समान केला जातो आणि वादकाने मुळात नीट वाजवलेली मींड चपटी होते. कणीक लावलेल्या पखवाजाच्या डाव्या पुडीबाबतही हेच घडते. काळी एक पट्टीतील पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. परंतु त्यातील वरचे स्वनक इतके समृद्ध असतात की मूळ सूर खोलीने गिळला तरी कान तो भरून काढतो, आणि त्यामुळेच तो किती शिल्लक आहे याचा अंदाज चुकतो.

अनुनाद वेगवेगळे ओळखू येण्याची वरची मर्यादा श्रोडर वारंवारतेने दर्शवतात. वरील खोलीत निनाद अर्धा सेकंद टिकत असेल, तर ही मर्यादा सुमारे २५५ हर्ट्झ येते. तिच्या वर खोलीचा प्रभाव मुख्यतः परावर्तनांचा असतो व तो आटोक्यात आणणे तुलनेने सोपे असते.

येथे परदेशी मार्गदर्शक पुस्तके अर्धवट उपयोगी पडतात. अमेरिकेतील लाकडी चौकटीच्या व जिप्समच्या पातळ भिंतींतून खर्जाचा काही भाग बाहेर निसटतो. मुंबईतील विटा व काँक्रीटच्या भिंती ताठर असतात. त्या खर्ज आतच कोंडून ठेवतात, म्हणून तितक्याच आकाराच्या खोलीत अनुनाद अधिक तीव्र होतात. त्यातच लादीची गुळगुळीत फरशी असते. उलट मुंबईच्या घराची एक बाजू जमेची आहे. ध्वनिशोषण मोजण्यासाठी वॉलेस सेबाइन यांनी ‘उघडी खिडकी’ हेच एकक मानले होते, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही. मोठी उघडी खिडकी हा फुकटचा शोषक आहे. तिच्यातून आत येणारा आवाज ही त्याची किंमत.

देवनार व परिसर

देवनार मुंबई महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात येते. १९२७ पासूनची कचराभूमी, १९७१ पासूनचा पशुवधगृहाचा परिसर आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांमुळे हे उपनगर परिचित आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील सदनिकेचे क्षेत्रफळ प्रारंभी २२५ चौरस फूट होते. पुढे ते २६९ व नंतर ३०० चौरस फूट करण्यात आले. स्वयंपाकाची जागा व शौचालय वगळता उरणारी खोली वर उदाहरणादाखल घेतलेल्या खोलीएवढी किंवा तिच्याहूनही लहान भरते. त्यात लोखंडी कपाट व भांड्यांची मांडणी असतेच. विशिष्ट खर्ज सुरावर कपाटाचा पत्रा खणखणतो आणि तो आवाज गाण्यातील विकृती समजून कित्येकदा तासन्‌तास शोधला जातो.

पार्श्वभूमीचा आवाज हा दुसरा अडथळा. घाटकोपर–मानखुर्द जोडरस्त्यावरील अवजड वाहने, हार्बर मार्गावरील लोकल आणि पावसाळ्यात पत्र्यावर पडणारा पाऊस हे सर्व आवाज गाण्यातील मंद तपशील झाकतात. स्वर विरतानाची शेपूट, संपादनातील टिचकी, सूक्ष्म खरखर या गोष्टी अशा वेळी ऐकूच येत नाहीत. छताचा पंखा आवाज करतोच, शिवाय वरून येणारे परावर्तन सतत कापतो. मिनिटाला तीनशे फेरे घेणाऱ्या तीन पात्यांच्या पंख्यात हे सेकंदाला पंधरा वेळा घडते. मे महिन्यात पंखा व खिडकी दोन्ही बंद ठेवण्याचा सल्ला देणे सोपे आहे.

आवाजाची पातळी शेजारही ठरवतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबेल आहे. लहान खोलीत संदर्भपातळी म्हणून ७६ डेसिबेलच्या आसपास ऐकण्याची शिफारस अमेरिकी प्रसारण मानकांत आढळते. सामाईक भिंत असलेल्या घरात तेवढा आवाज रात्री ठेवता येत नाही, आणि अनेकांना नोकरी-शिक्षणानंतर रात्रीच वेळ मिळतो. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे आवाज लहान केला की कानाला खर्ज प्रमाणाबाहेर कमी भासतो. परिणामी रात्री हळू आवाजात केलेले मास्टर दिवसा मोठ्याने वाजवले की त्यात खर्ज जास्त झाल्याचे आढळते.

प्रचलित उपाय

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा प्रघात सर्वत्र दिसतो. तो निरुपयोगी असून आगीच्या दृष्टीने धोकादायक आहे. एक इंच जाडीचा फोम केवळ तार सप्तकाचा व त्यावरचा भाग शोषतो. तो खोलीभर लावला की झळाळी नाहीशी होते, खर्ज मात्र तसाच राहतो. मग तंत्रज्ञ गाण्यात झळाळी वाढवतो व ते इतरत्र कर्कश वाजते. अशी अर्धी सिद्ध केलेली खोली कित्येकदा मुळीच सिद्ध न केलेल्या खोलीपेक्षा फसवी ठरते. साठ हर्ट्झच्या ध्वनीची पाव तरंगलांबी जवळजवळ दीड मीटर असते, यावरून पातळ थराच्या मर्यादेची कल्पना यावी.

कोपऱ्यांत जाड रॉकवुल भरलेल्या चौकटी उभ्या करणे हा अधिक परिणामकारक मार्ग आहे. तो शक्य नसल्यास कापसाच्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवणे आणि ध्वनिक्षेपकांच्या बाजूच्या भिंतींवर, जेथून पहिले परावर्तन येते तेथे, जाड गोधड्या टांगणे यांनी मध्य व तार भाग बराच सुधारतो. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे बसण्याची जागा बदलणे. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या सुमारे ३८ टक्के अंतरावर बसणे हा प्रारंभबिंदू मानतात. १२ फुटी खोलीत तो साडेचार फुटांवर येतो. ध्वनिक्षेपक मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर परावर्तनामुळे सुमारे ८७ हर्ट्झचा ध्वनी कटतो. तो भिंतीलगत सरकवल्यास हा खड्डा वरच्या, शोषण्यास सोप्या वारंवारतांकडे जातो.

मोजणीचा मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखे विनामूल्य सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने खोलीचा आलेख काढता येतो. इक्वलायझरने अनुनादाचे उंचवटे कमी करता येतात. खड्डे मात्र भरता येत नाहीत, कारण मूळ ध्वनी वाढवला की त्याला छेद देणारे परावर्तनही तेवढेच वाढते.

हेडफोनमुळे खोली पूर्णपणे टळते व खर्जाच्या निर्णयासाठी तोच घरातील सर्वांत विश्वासार्ह मार्ग ठरतो. परंतु त्यात डावा ध्वनी केवळ डाव्या कानात पडतो, त्यामुळे गायकाचा आवाज व वाद्ये यांचा समतोल आणि ध्वनीची रुंदी यांचा अंदाज बिघडतो. म्हणून ध्वनिक्षेपक, हेडफोन, मोबाइल व मोटार अशा अनेक ठिकाणी, तसेच परिचित प्रकाशित गाण्याशी समान पातळीवर तुलना करून ऐकण्याची पद्धत रूढ आहे.

खोलीवर अवलंबून नसलेले काम

मास्टरिंगचा मोठा भाग खोलीशी निगडित नाही. एकूण पातळी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २००६ मधील बीएस.१७७० या शिफारशीवर आधारित मापकाने मोजतात व ती एलयूएफएस या एककात सांगतात. स्पॉटिफाय गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवते. त्याहून मोठे केलेले गाणे तेथे खाली ओढले जाते. त्यामुळे खर्ज अनिश्चित असलेल्या खोलीत लिमिटर दाबून पातळी वाढवण्याचा लाभ अल्प व धोका अधिक असतो. शिखरपातळी उणे एक डेसिबेलखाली ठेवणे, आरंभ-शेवट कापणे, गाण्यांमधील विराम ठरवणे, प्रत्येक गाण्याला आयएसआरसी संकेतांक जोडणे ही कामे कोणत्याही खोलीत बिनचूक होऊ शकतात. खर्जात दोन डेसिबेलहून मोठा बदल करण्याची गरज वाटल्यास घरगुती तंत्रज्ञ तो बदल मास्टरमध्ये न करता मिक्सिंगकडे परत जाऊन तपासतात किंवा तेवढा टप्पा सिद्ध खोली असलेल्या तंत्रज्ञाकडे सोपवतात.