अंगणातील फुगडी

श्रावणातील मंगळवारी नवपरिणीतेने मंगळागौर पूजावी आणि रात्र खेळांत जागवावी, ही आपली जुनी रीत. फुगडी, झिम्मा, पिंगा यांत दम, तोल आणि चपळता यांची चांगलीच कसोटी लागे. परंतु त्यास व्यायाम असे कोणी म्हटले नाही. व्रताचे निमित्त असे, म्हणूनच मोकळीक मिळे.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून रायपूरच्या परिसरात मराठी कुटुंबे वसत आली. येथेही त्यांना फुगडी भेटली, पण निराळी. आपल्याकडे दोघी हात धरून गरगर फिरतात. छत्तीसगढी मुली उकिडव्या बसून, पाय आळीपाळीने मागेपुढे सरकवीत, दम टिकेल तोवर खेळतात. नाव एक, कसोटीही एक.

उंबरठा ओलांडून स्पर्धेत उतरणे मात्र स्त्रीला सोपे नव्हते. १९७६ साली मुंबईची १३ वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरली, तेव्हा वाद न्यायालयापर्यंत गेला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही.

२०२२ साली छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये कबड्डी, खोखो यांच्या पंक्तीस फुगडीही बसली. चाळिशी ओलांडलेल्यांसाठीही निराळा गट होता. अंगणातील खेळास मैदान लाभले. आपल्या लेकीसुनांना खेळण्यासाठी यापुढे व्रताचे निमित्त शोधावे लागू नये, एवढीच अपेक्षा.